बारीक माणसाचं पोट

(सकाळची वेळ. बागेत चालणारी माणसं.)

दंड बारीक, मनगटं हाडकुळी, आणि सदऱ्याखाली पुढे आलेलं पोट. असा माणूस बहुतेक प्रत्येक घरात असतो. लग्नानंतर पोट दिसू लागलं की आपण कौतुकाने म्हणतो, "लग्न मानवलं हो!"

डॉक्टर मात्र या पोटासोबत आणखी चार गोष्टी तपासतात. रक्तदाब १३०/८५ किंवा त्याहून जास्त. उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, १५० किंवा जास्त. चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांमध्ये ४०च्या आणि बायकांमध्ये ५०च्या खाली. आणि कंबर पुरुषाची ९०, बाईची ८० सेंटिमीटर किंवा जास्त. पाचांपैकी कोणत्याही तीन जुळल्या, की मेटाबॉलिक सिंड्रोम. यातला एकेक आकडा थोडासाच वर असतो, म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही. पण तिन्ही एकत्र आले की मधुमेह आणि हृदयविकाराची वाट सोपी होते.

(रिपोर्टची फाईल. दुखण्याचा मागमूस नसलेला चेहरा.)

हे किती पसरलंय? आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह पाहणीचे कार्यकर्ते २००८ ते २०२० या काळात घरोघर गेले. ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, १ लाख १३ हजार प्रौढ माणसं. शंभरातल्या जवळपास ४० जणांच्या पोटावर चरबी, ३५ जणांना रक्तदाब, ११ जणांना मधुमेह, आणखी १५ जण त्याच्या उंबरठ्यावर. रक्तातल्या चरबीचं गणित तर ८१ जणांचं बिघडलेलं. आणि आपला शेजारी गोवा? मधुमेहात देशात पहिला, २६.४ टक्के.

मग बारीक माणसाला हे का व्हावं? उत्तराचा एक मोठा धागा पुण्याजवळच्या सहा गावांत सापडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून तिथल्या गरोदर बायकांच्या मागे राहिले. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पाठीवरची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. म्हणजे चरबी धरून ठेवणं आपण आईच्या पोटात असल्यापासूनच शिकतो.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी स्वतःचाच फोटो छापला, शेजारी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. उंची-वजनाच्या गणिताने दोघे अगदी सारखे, बीएमआय २२.३. पण युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही.

(शिंप्याची फीत. जवळून.)

म्हणून फीत घ्या. पँटचा नंबर धरू नका, पट्टा पोटाच्या खाली बांधलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे फीत ठेवा. पोट आत ओढू नका. श्वास सोडा, आणि मग आकडा वाचा.