‘जाऊ दे वं बाई’ला गोल्फमध्ये काय शिक्षा आहे

श्रोतेहो, नमस्कार.

गोल्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे. हिरवंगार गवत, पांढरे बूट, आणि मागून पिशवी वाहणारा एक माणूस. आपला खानदेश म्हणजे काळी माती, कापूस, केळी आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारा पारा. या दोघांची सोयरीक जुळायची कशी? आमच्यापुरती ती जुळली आहे.

आम्ही बारा जणी आहोत. एक बँकेत, एक अंगणवाडीत, दोन शिक्षिका, तिघी स्वतःची केळी स्वतः बघणाऱ्या, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या. सगळ्यांत धाकटी बावीस वर्षांची. सगळ्यांत मोठ्या अडुसष्ट वर्षांच्या. त्या आमच्यातल्या एकीच्या आतेसासू, म्हणून सगळ्यांच्याच आत्या. माझ्या यजमानांची नोकरी फिरतीची होती. परगावी मी हा खेळ शिकले, आणि इकडे परत आल्यावर हात स्वस्थ बसेनात.

खेळतो कुठे? गिरणेकाठी बरड जमिनीचा एक तुकडा आहे, कोणतंही पीक न मानवणारा. तिथे सहा होल, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे, केले. होलचा व्यास नियमाप्रमाणे सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर लागतो. शेतात आपण ११० चा पीव्हीसी पाइप टाकतो ना, त्याचा वीतभर तुकडा कापून पुरला. एक-दोन मिलिमीटरवरून अजून कोणी भांडलेलं नाही. होलभोवतीची जागा चाळलेल्या वाळूची. तिला ग्रीन म्हणायचं आणि रंगाकडे बघायचं नाही. दिवाळी झाली की खेळ सुरू, होळीला बंद. तेवढ्यातच आपल्याकडे सकाळी उन्हात उभं राहवतं.

आता मुद्द्यावर येते. बारा बायका आठवड्याला एकत्र येणार, जोड्या लावणार, हार-जीत होणार, तर नियम नकोत का? हवेत. आणि गोल्फची गंमत अशी की मैदानात पंच नसतो. क्रिकेटमध्ये बोट वर करायला कोणीतरी असतं, कबड्डीत शिट्टी असते. इथे चेंडू तुमचा, फटका तुमचा, मोजणाऱ्याही तुम्हीच. चुकलात तर दंडाचा फटका स्वतःच्या नावावर स्वतःच लावायचा. १७४४ साली एडिंबराजवळच्या लीथ गावी या खेळाचे पहिले लेखी नियम झाले, ते अवघे तेरा. आजचं पुस्तक त्याच्या कितीतरी पट जाड आहे, पण जबाबदारी अजूनही खेळणारीचीच.

ते पुस्तक वाचताना मला सारखं वाटतं, लिहिणाऱ्याने आमचं रान पाहिलंय की काय! चेंडूशेजारी वाळलेलं पान पडलंय, उचललं तर चालतं. फांदीला लागलेलं पान मात्र खुडायचं नाही. मातीचं घट्ट ढेकूळ उचलता येतं. शेणसुद्धा त्याच यादीत आहे; हात लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण हे सगळं उचलताना चेंडू हलला, तर एक फटका दंड आणि चेंडू परत जागेवर. ठिबकच्या नळीचा न्याय वेगळा. ती माणसाने केलेली वस्तू, म्हणून सहज हलत असेल तर बाजूला करायची, आणि तेव्हा चेंडू हलला तरी दंड नाही, फक्त जागेवर ठेवायचा. पान देवाचं, नळी माणसाची, अशी आमच्या अंगणवाडीवाल्या बाईंनी त्याची खूणगाठ बांधून दिली. तेव्हापासून कोणी विसरलं नाही.

साप निघाला तर? तेही लिहिलंय. विषारी साप किंवा मधमाश्यांचं मोहोळ जवळ असेल तर चेंडू बिनदंड दुसरीकडे घेता येतो. आमच्याकडे दोनदा धामण निघाली. धामण बिनविषारी हे सगळ्यांना माहीत आहे, तरी त्या दिवशी कोणीही नियमाची बारीक चर्चा केली नाही.

जमिनीच्या भेगांचं मात्र आम्हालाच ठरवावं लागलं. माघात काळी माती फाटते आणि चेंडू गिळते. मग आम्ही स्थानिक नियम केला: भेगेत गेलेला चेंडू दंडाशिवाय काढायचा, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. गुडघ्याची उंची २०१९ पासून आली. त्याआधी खांद्याच्या उंचीवरून सोडत. चेंडू शोधायचा वेळही तेव्हाच पाच मिनिटांवरून तीनवर आणला. तीन मिनिटांत सापडला नाही, तर तो हरवला. शेजारच्या केळीत गेला तर हद्दीबाहेर. दोन्हींत दंड एकच: एक फटका, आणि जिथून मारला तिथूनच पुन्हा. शेजारचे दादा आमचे चेंडू गोळा करून शनिवारी घरी आणून देतात, हा त्यांचा मोठेपणा.

सगळ्यांत अवघड गेलं ते दोन गोष्टींचं. एक क्लबचं, म्हणजे त्या काठ्यांचं, आणि दुसरं सल्ल्याचं.

एका खेळाडूला चौदा क्लब नेता येतात. आमच्या काठ्या जुन्या, वापरलेल्या; कुणाकडे पाच, कुणाकडे सहा. मग “तुझी जरा दे गं” चालायचंच. विहिणीकडून पाटा आणावा तशी काठी आणायची. पण दुसरी खेळाडू वापरत असलेल्या क्लबने आपण मारायचं नाही, हा नियम आहे. सल्ल्याचं तर विचारूच नका. आपल्याकडे पापड लाटायला चार जणी बसल्या तर पाचवी शिकवायला उभी असते. इथे दुसऱ्या खेळाडूला “ही काठी घे, जरा डावीकडे मार” म्हटलं की सांगणारीला दोन फटके दंड. होल किती लांब आहे, नियम काय आहे, एवढं सांगता येतं. कसं मारायचं ते नाही. पहिल्या महिन्यात आमच्या काही जणींचे दंडाचेच फटके खऱ्या फटक्यांहून जास्त झाले असते, खरोखर लावले असते तर.

यावर उतारा त्याच पुस्तकात सापडला. जोडी करून खेळा! जोडीदारणीला सल्ला देता येतो, आणि दोघींचे मिळून चौदाच्या आत असतील तर क्लबही वाटून घेता येतात. आमच्या दोघींचे मिळून दहा-बारा होतात. म्हणून आम्ही सहा जोड्या केल्या. दोघी आपापला चेंडू खेळतात, आणि प्रत्येक होलवर जिचे फटके कमी, ते त्या जोडीचे. काठी मागायची सोय झाली, तोंडही मोकळं झालं. फक्त ते जोडीपुरतं ठेवायचं, समोरच्या जोडीला शिकवायला जायचं नाही. हे अजून जमतंय म्हणणार नाही.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे भाषण मी स्वीकारलं.

मागच्या वर्षी पौषात, चौथ्या होलवर, आत्यांचा चेंडू पऱ्हाटीच्या ढिगाजवळ पडला. आत्यांनी काठी उचलली, जोरात फिरवली, आणि चेंडू जागचा हलला नाही. काठी वरून वाऱ्यासारखी गेली. मग दुसऱ्यांदा मारला, चेंडू निघाला. होल संपल्यावर आत्या म्हणाल्या, “सहा.” माझ्या हिशेबाने सात. चेंडू मारायच्या इराद्याने काठी फिरवली की तो फटका धरतात, चेंडूला लागो न लागो. आत्यांचं कार्ड माझ्याकडे होतं. गोल्फमध्ये एकीचे फटके दुसरी लिहिते, तिला मार्कर म्हणतात. मी माझ्या जोडीदारणीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, “जाऊ दे वं बाई, एक फटकाना काय हिशेब.”

आणि मी सहा लिहिले. अडुसष्ट वर्षांची बाई, नात्याने आतेसासू, थंडीत पहाटे उठून आलेली. तिला सांगायचं कसं? तुम्ही असतात तर काय केलं असतं? मला माझ्या शहाणपणाचं जरा कौतुकच वाटलं होतं.

पुढच्या रविवारी भरिताची वांगी भाजत होतो. आमची धाकटी मोबाइलवर नियम वाचून दाखवत होती. एखादा नियम किंवा दंड लागू आहे हे माहीत असून दोघी खेळाडूंनी तो सोडून द्यायचं ठरवलं, तर दोघी बाद. एक फटक्याचा दंड वगैरे नाही, सरळ बाद. आणि जाणूनबुजून चुकीचा आकडा लिहून सही करणाऱ्या मार्करलाही समिती बाद करू शकते. माझ्या हातातलं वांगं जाळातच राहिलं. मी बोलले सगळं. आत्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “हवेतला मोजतात हे मला कोणी सांगितलंच नाही.” आणि लगेच, “मना फटका चुकना, अन् बाद तुम्ही?”

हसू आवरेना. पण आत्यांनी हसण्यावारी नेलं नाही. त्या आठवड्याची आमच्या जोडीची कार्डं त्यांनी स्वतः मागून घेतली आणि चुलीत घातली.

एका फटक्याचा हिशेब विचारता? २०२१च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली. पदक एका फटक्याने गेलं. चार दिवस, बहात्तर होल, आणि अंतर एका फटक्याचं. तिची पिशवी तेव्हा तिच्या आईने उचलली होती. त्या माउलीला कोणी “एका फटक्याचं काय एवढं” म्हणून बघावं!

आणखी एक सांगते, ही अमेरिकेतली. १९५७ साली तिथल्या महिलांच्या खुल्या स्पर्धेत हवाईच्या जॅकी पंग सगळ्यांत कमी फटक्यांत आल्या. शेवटच्या फेरीत चौथ्या होलवर त्यांना सहा फटके लागले होते, पण कार्डावर पाच पडले. खालची बेरीज बरोबर होती! पण होलपुढचा आकडा चुकीचा, आणि सही झालेली. बाद. त्यांच्याबरोबर खेळणाऱ्या बेटी जेमसन यांचीही त्याच होलवर तीच चूक, त्याही बाद. लबाडी कोणाचीच नव्हती. तिथल्या लोकांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी वर्गणी काढली, आणि ती पहिल्या बक्षिसाहून जास्त भरली. मला दोन्ही पटतं, नियमही आणि वर्गणीही.

बेरीज करायचं काम आजही खेळाडूचं नाही, ते समितीचं. आपण प्रत्येक होलपुढचा आकडा बरोबर आहे ना, तेवढं पाहून सही करायची. त्यासाठी आम्ही एक पद्धत पाडली. होल संपला की मार्करने आकडा सांगायचा नाही, विचारायचा. “आत्या, किती?” आत्या बोटं मोडत पहिल्या फटक्यापासून म्हणत येतात, “रस्त्याजवळून एक, बाभळीखालून दोन…” मोजताना राहिलेला फटका त्यांनाच आठवतो. मोठ्या माणसाला चूक दाखवायची वेळच येत नाही. पुस्तकही प्रत्येक होलनंतर आकडा विचारून खात्री करायलाच सांगतं, पण आतेसासू कशी सांभाळायची ते त्यात नाही.

बाकीचे शिष्टाचार सांगायला वेळ कमी आहे, ते तसे सोपेही आहेत. कोणी मारत असेल तर बोलायचं नाही, आपली सावली तिच्या चेंडूवर पडू द्यायची नाही. चेंडू माणसांकडे चालला तर “फोर!” म्हणून ओरडायचं. आमच्या तिघी “सरका वो!” ओरडतात, आणि केळीत काम करणाऱ्यांना तेच लवकर कळतं. वाळूत पाय उमटले तर जाताना सारखे करायचे. फटक्याला ४० सेकंदांहून जास्त लावू नये असं पुस्तक सुचवतं. आमच्याकडे स्कार्फ नीट करण्यातच तेवढे जातात, म्हणून घड्याळ स्कार्फनंतर सुरू होतं.

कोणाला आपल्या गावी असं काही करायचं असेल तर दोन जुन्या काठ्या, पाइपाचा तुकडा आणि कुणाचं तरी पडीक रान एवढ्यावर सुरुवात होते. फक्त शेजारच्या पिकाच्या मालकाशी आधी बोलून घ्या, आणि त्याला एकदा भरीत खायला बोलवा.

माझी वेळ संपत आली. गेल्या रविवारी आत्या फटका मारत असताना माझाच फोन वाजला. ज्याचा फोन वाजेल त्याने वांगी आणायची, हा नियम आत्यांचा, पुस्तकात नाही. तेव्हा उद्या बाजाराला जायचंय, कळण्याचं पीठही बघायचंय. नमस्कार.