पार्ल्याची दोन पिठं

पार्ले प्रॉडक्ट्सचा इतिहास थोडक्यात उरकतो, कारण खरी मजा पिठात आहे. मोहनलाल दयाल चौहान यांनी १९२९ साली विलेपार्ल्यात कारखाना काढला तो गोळ्या-चॉकलेटांचा. बिस्किटं त्यानंतर दहाएक वर्षांनी आली. तेव्हा बिस्किट म्हणजे साहेबाच्या टेबलावरची महाग चीज. 'पार्ले ग्लुको' हे त्यावरचं स्वस्त देशी उत्तर होतं. पुढे इतरांनीही ग्लुकोज बिस्किटं काढली आणि दुकानात गोंधळ होऊ लागला, म्हणून ऐंशीच्या दशकात त्याचं 'पार्ले-जी' झालं. विलेपार्ल्यातल्या कारखान्याचं उत्पादन २०१६ मध्ये थांबलं. स्टेशनवर उतरताच येणारा तो वास पार्लेकर अजून सांगतात.

आता पीठ. पार्ले-जी आणि मोनॅको एकाच घरची, पण मळण्याच्या दृष्टीने एकमेकांच्या विरुद्ध टोकाला. मी सांगतो ती प्रमाणं अशा बिस्किटांची सर्वसाधारण आहेत, कुणा एका कंपनीची गुपितं नव्हेत.

ग्लुकोज बिस्किटात १०० किलो मैद्याला ३० ते ४० किलो साखर आणि २० किलोच्या आसपास तेल-तूप असतं. पाणी मात्र जेमतेम. आधी साखर, तेल, सिरप आणि पाणी एकजीव घोटायचं. मैदा शेवटी घालायचा आणि मिक्सर लवकर थांबवायचा. तेलाचा लेप बसला की मैद्याला पाणी नीट मिळत नाही, चिकटी म्हणजे ग्लूटेन धरत नाही, आणि बिस्किट खुसखुशीत होतं. मिक्सर जास्त फिरला तर बिस्किट आक्रसतं, कडक होतं. हे पीठ लाटत नाहीत. कोरलेल्या रुळाच्या खाचांत ते दाबलं जातं आणि रबरी रुळाच्या दाबाने पट्ट्यावर उतरतं; वरची नक्षी आणि अक्षरं तिथेच उमटतात. पीठ ओलं झालं तर खाचेतून सुटत नाही, कोरडं झालं तर कोपरे तुटतात.

मोनॅको म्हणजे खारं क्रॅकर. त्याला चिकटी हवीच. तेल कमी, साखर नावापुरती, पाणी १०० किलोला २५ ते ३० लिटर, आणि मळणं भरपूर. मग पीठ लाटायचं, घड्या घालायच्या, पुन्हा पातळ करायचं आणि कापायचं. इथली नेहमीची तक्रार म्हणजे गोल कापलेलं बिस्किट भट्टीतून लंबगोल निघतं. पट्ट्यावर ताणलेलं ग्लूटेन कापल्यावर मागे खेचतं, त्यामुळे बिस्किट पट्ट्याच्या दिशेने आखूड होतं. उपाय असा की कापण्याआधी लाटलेली पोळी सैल पट्ट्यावर थोडी विसावू द्यायची, नाहीतर पिठात ताण मोडणारं एन्झाइम किंवा मेटाबायसल्फाइट घालायचं. पुड्यावरचा २२३ हा आकडा मेटाबायसल्फाइटचाच.

क्रॅकरवरची भोकं शोभेची नाहीत. ती वरचा आणि खालचा थर एकमेकांना टाचून ठेवतात आणि वाफेला वाट देतात. सुई बोथट झाली की बिस्किटावर मोठा फुगा येतो आणि तो हमखास करपतो. मीठ भट्टीत जाण्याआधी भुरभुरतात. तेलाचा फवारा बिस्किट भट्टीबाहेर येताच, ते गरम असताना मारतात, म्हणजे तेल शोषलं जातं.

१९७२ मधलं क्रॅकजॅक या दोघांच्या मधलं: गोडही, खारटही. चवीचा समतोल राखणं त्यात सगळ्यात नाजूक, कारण मिठातला थोडासा फरकही साखर झाकत नाही.

फुगवण्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट आणि खायचा सोडा दोन्ही वापरतात. अमोनिया भट्टीत पूर्ण उडून जायला हवा. बिस्किट मध्यात ओलं राहिलं तर पुडा उघडताच नाकात झोंबतो. सोडा जास्त झाला तर रंग पिवळट आणि चव साबणासारखी.

सगळ्यात फसवा दोष भट्टीनंतरचा. कडा कोरडी आणि मध्य ओलसर अशी बिस्किटं निघाली की ओलावा आतल्या आत सरकतो, मध्य आकुंचतो, कडा पसरते आणि काही तासांनी केसासारखी चीर पडते. पॅक करताना ती दिसत नाही, दुकानात पुडा उघडल्यावर मात्र तुकडे निघतात. म्हणून भट्टीचा शेवटचा भाग सौम्य ठेवतात आणि थंड करण्याचा पट्टा भट्टीपेक्षाही लांब असतो. गरम बिस्किटं भरण्याची घाई केली तर पुड्यात घाम धरतो.

शिवाय जाडी सांभाळावी लागते. पार्ले-जीने वर्षानुवर्षं छोट्या पुड्याची किंमत जवळपास तीच ठेवून वजन कमी केलं. अशा पुड्यात प्रत्येक बिस्किट किंचित जास्त फुगलं तरी ठरलेली चवड वेष्टणात मावत नाही आणि मशीन अडतं. किंचित पातळ झालं तर चवड सैल पडते, आणि माल ट्रकमधून उतरण्याआधीच चुरा झालेला असतो.