मळ्यात पाणी खालून येतं

(दृश्य : पणजी, मळा. आषाढी अमावास्या, सकाळचे अकरा.)

पाऊस सुरू होऊन तासही झालेला नाही, आणि गटाराच्या जाळीतून पाणी वर उसळतंय. भरती आहे. रुआ द ओरेंची खाडी तुडुंब, त्यामुळे आल्तिनोच्या डोंगरावरून उतरलेल्या पाण्याला वाटच नाही. दुकानदार शटर अर्धं ओढून फळीवरचा माल वरच्या कप्प्यात चढवतोय.

या भागाचं नावच मळा. इथं पाणी येणार, हे नाव ठेवणाऱ्यांना ठाऊक होतं.

(दृश्य : खाजन शेत, बांध, मानस.)

मांडवीकाठची खाजनं म्हणजे खाडीकडून मागून घेतलेली जमीन. चिखलमातीचा बांध, आणि त्या बांधात एक मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची झडप. मानशीचं दार लाकडी. भरती चढली की खारं पाणीच त्याला ढकलून बंद करतं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आतलं पावसाचं पाणी ते उघडून बाहेर पडतं. ना मोटर, ना डिझेल. दाराशी जाळं लावलं की मासळी आणि सुंगटं, म्हणजे कोळंबीही, मिळतात. त्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची.

बांध सांभाळायची गांवकारी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची सामायिक संस्था. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणू लागले, पण ती त्यांच्याही आधीची. मात्र तिचे गोडवे गाताना एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. वाटा होता तो गांवकारांच्या पुरुष वारसांना. बायकांना नाही, बाहेरून आलेल्याला नाही. पाण्यासाठी दार होतं, परक्यासाठी नव्हतं. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. अनेक ठिकाणी मासळीचा पैसा दिसत राहिला, बांध मात्र खचत गेला.

(दृश्य : रायबंदरचा रस्ता, मग पाटो.)

रायबंदरला जाणारा हा रस्ता सतराव्या शतकातला, 1630 च्या दशकातला. खालच्या कमानींतून भरतीचं पाणी आजही ये-जा करतं. त्याच्या टोकाला, पाटोवर, जिथं दलदल होती तिथं आता बस स्थानक आणि काचेची ऑफिसं.

आणि शहरात माणसं. 2011 च्या जनगणनेत गोव्यात कोकणी मातृभाषा सांगणारे सुमारे 66 टक्के, मराठी आणि हिंदी दहा-दहा टक्क्यांच्या थोडे वर, कन्नड साडेचारच्या पुढे. महालक्ष्मीचं देऊळ, इगर्ज (चर्च), मशीद, सगळं चालत जाता येईल इतकं जवळ. याचं कौतुक पर्यटनाच्या पत्रकात भरपूर होतं. पण इमारत बांधणारा मजूर रात्री झोपतो कुठे, हे आराखड्यात शोधून बघा.

आराखड्याचंही तसंच. लोकांनी रस्त्यावर उतरून 2007 मध्ये गोव्याचा 2011 सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा रद्द करायला लावला. मग 2024 मध्ये नगर नियोजन कायद्यात कलम 39अ आलं : जमीनमालकाने अर्ज करायचा, भूखंडाचा झोन बदलून मागायचा. एकेक भूखंड वेगळा विचारात घ्यायचा. पाणी तसं सर्व्हे नंबर बघून थांबत नाही.

(दृश्य : पुन्हा मळा.)

गुडघाभर पाण्यात एक माणूस जाळीत हात घालून प्लास्टिक उपसतोय. मूळचा कर्नाटकातल्या बागलकोटकडचा. बाल्कनीतून एक म्हातारी विचारते, "सुकती केन्ना रे?"

तो मनगटावरचं घड्याळ पुसतो. "बारांनंतर, आजी."

आणि पुन्हा वाकतो.