क्रॅनमिअरच्या पेटीतलं पत्र

(धुकं. काळपट माळ. दोन रेनकोट, एक मोठा, एक छोटा.)

इंग्लंडच्या नैऋत्येकडचा डेव्हन परगणा, आणि त्यात पसरलेला हा डार्टमूर. 954 चौरस किलोमीटरचा उघडा माळ, 1951 पासून राष्ट्रीय उद्यान. माळातून वर आलेल्या ग्रॅनाइटच्या कातळांना इथली माणसं ‘टॉर’ म्हणतात. बाकी गवत, शेवाळ आणि पाणी.

या माळावर हजारो डबे लपवलेले आहेत. त्यांना म्हणतात लेटरबॉक्स. प्रत्येकात एक वही आणि एक शिक्का; शोधणाऱ्यानं तो शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला त्यातल्या वहीत. आज एक शोधायचा आहे, आणि मग सगळ्यांत जुन्या पेटीपर्यंत चालत जायचंय.

(घर. स्वयंपाकघरातलं टेबल. खोडरबर, पेन्सिल, कोरायचं हत्यार.)

तयारी आदल्या रात्रीच सुरू झाली. शोधणाऱ्याकडे स्वतःचा शिक्का लागतो, आणि तो स्वतःच्या हातानं कोरलेला असला तर उत्तम. या नऊ वर्षांच्या मुलीनं स्वतःसाठी माळावरचं नाव घेतलंय, ‘टिटवी’. आईचं माहेर कराडचं. तिथल्या शेतात ऐकलेली टिटवी तिच्या लक्षात राहिली, आणि टिटवीची एक बहीण इथं इंग्लंडातही आहे, डोक्यावर तुरा असलेली.

हा पहिला शिक्का. नाव थेट रबरावर लिहून कोरलं, आणि छापल्यावर सगळी अक्षरं उलटी आली.

हा दुसरा. आधी कागदावर मऊ पेन्सिलीनं नाव लिहिलं. कागद रबरावर पालथा ठेवून चमच्याच्या पाठीनं घासला. रेघा रबरावर उलट्या उतरल्या, तेवढ्या ठेवून बाजूचं रबर कोरून काढलं. वेलांटीला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

(शिक्का कागदावर. मुलीचा चेहरा.)

(पहाट. ओकहॅम्प्टन गावाच्या वरची चढण. खांब, त्यावर निशाणाची रिकामी दोरी.)

डार्टमूरच्या उत्तर भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. खांबावर लाल निशाण असलं की आत पाऊल टाकायचं नाही. वेळापत्रक आधीच जाहीर होतं. आज निशाण नाही.

(होकायंत्र, अगदी जवळून.)

आता क्लू, म्हणजे डबा कुठे लपवलाय त्याची खूण. चार ओळींचा. तीन टॉरची नावं, प्रत्येकापुढे होकायंत्राचे अंश. मग ‘झुकलेला दगड, सात पावलं, दक्षिणेकडची फट’. अंशांचे आकडे आम्ही मुद्दाम पुसट केलेत. ज्याला डबा हवा त्यानं क्लू मिळवावा आणि चालावं.

आकडे वाचायला सोपे, जुळवायला अवघड. डब्यापाशी उभं राहिलं की अमुक टॉर अमुक अंशावर दिसतो, एवढंच क्लू सांगतो. आपण तर अजून डब्यापासून लांब आहोत. म्हणून पहिला टॉर धरायचा आणि काटा क्लूमधल्या अंशावर येईपर्यंत आडवं सरकायचं. तो आला की आपण एका रेषेवर आलो. मग ती रेघ न सोडता पुढेमागे होत दुसरा टॉर जुळवायचा. दोन्ही जुळले की जागा हाती आली. तिसरा टॉर खात्रीसाठी.

(मायलेकी गवतातून आडव्या चालताना. लांबून.)

उपग्रहांच्या मदतीनं डबे शोधायचा खेळ 2000 साली सुरू झाला आणि जगभर पसरला. त्यात फोन बोट धरून नेतो. इथं टॉर ओळखावा लागतो. ओळखण्यासाठी तो आधी नीट बघावा लागतो, त्याचं नाव माहीत असावं लागतं. सकाळपासून या मुलीला सहा टॉर नावानं कळायला लागलेत. आमच्या मते या खेळाची खरी कमाई हीच.

“आई, सात पावलं तुझी की माझी?”

मोठ्या माणसाची.

(इथं निवेदन नाही. वारा. दगडांच्या फटीत शिरलेला हात.)

औषधाच्या गोळ्यांचा जुना प्लॅस्टिकचा डबा. आत पिशवी, पिशवीत आणखी एक पिशवी. वही आणि एक शिक्का, त्यावर डार्टमूरचं पोनी, माळावर मोकळा चरणारा बुटका घोडा. डब्यातला शिक्का आपल्या वहीत, आपला शिक्का डब्यातल्या वहीत. शाईचं पॅड आपलं आपण आणायचं.

(वहीचं पान. इंग्रजी नावांच्या खाली देवनागरीत ‘टिटवी’.)

डबा परत ठेवतानाचं चित्रण आम्ही केलेलं नाही.

(पोनींचा कळप. मग काळी, पाण्यानं फुगलेली जमीन.)

इथून पुढे पीट. हजारो वर्षांचं शेवाळ आणि गवत पाण्याखाली अर्धवट कुजून साचलेली ही जमीन. एका पावलाला घट्ट लागते, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत ओढते. डार्ट, टॉ, ओकमेंट या नद्या याच पठारावर जवळजवळ उगम पावतात.

इथंच क्रॅनमिअर पूल. नावात तळं, समोर मात्र पिटातला कोरडा खोलगट खड्डा.

(खड्डा. दगडी पेटी.)

चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट वाटाड्याचं काम करायचा. पाहुण्यांना घेऊन तो इथवर यायचा. तेव्हा रस्ता नव्हता, चाल दिवसभराची. 1854 मध्ये त्यानं इथं दगडांची एक रास रचली आणि त्यात एक बाटली ठेवली. जो पोचेल त्यानं आपलं नावाचं कार्ड बाटलीत टाकायचं. पुढे बाटलीच्या जागी डबा आला, 1905 मध्ये नोंदवही आली, 1937 मध्ये ही दगडी पेटी. मधल्या काळात लोक स्वतःचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड ठेवू लागले. पुढच्यानं ते उचलायचं आणि खाली गावात नेऊन टपालात टाकायचं. लेटरबॉक्स हे नाव त्यातूनच पडलं.

दुसरी पेटी 1894 मध्ये बेलस्टोनजवळ बसली. तिसरी 1938 मध्ये दक्षिणेला डक्स पूलपाशी, डार्टमूरवर आयुष्यभर लिहिणाऱ्या विल्यम क्रॉसिंगच्या स्मरणार्थ. 1970 च्या दशकापर्यंत पेट्या मोजक्याच होत्या. मग एकदम हजारो झाल्या, दगड हलले, माती उघडी पडली, आणि नियम करावे लागले: प्राचीन दगडी रांगांत आणि राशींत डबा नाही, खणणं नाही, सिमेंट नाही. 1998 मध्ये एका अमेरिकन मासिकात लेख आला आणि हा खेळ समुद्रापार गेला.

(पेटीचं दार उघडतं.)

आत वही, शिक्का आणि पाकिटात एक पोस्टकार्ड. कुणीतरी ठेवून गेलेलं.

मुलीनं ते उचललं. त्या जागी आपलं ठेवलं. पत्ता कराडचा, आजीच्या नावानं, तिकीट परदेशी टपालाचं.

(धुक्यातून परतीची वाट. निवेदन नाही.)

(संध्याकाळ. ओकहॅम्प्टन. लाल टपालपेटी.)

दुसऱ्याचं कार्ड वाचायचं नाही, असं आईनं वाटेतच सांगितलं होतं. पेटी जरा उंच आहे. आईनं मुलीला उचललं.

(पत्र आत पडल्याचा आवाज.)