सनबर्स्ट: उजेडाने घडवलेला रंग

श्रोतेहो, नमस्कार.

इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीवर मधोमध पिवळा किंवा मधाळ सोनेरी रंग असतो, कडेकडे सरकताना तो तांबूस होत जातो आणि अगदी काठाशी गडद लाल, तपकिरी किंवा काळा होऊन संपतो. या रंगकामाला सनबर्स्ट म्हणतात. गिटार वाजवणाऱ्या आणि जमवणाऱ्या जगभरच्या माणसांना या रंगाचे जे वेड आहे, त्याविषयी मी आज बोलणार आहे. गेली अनेक वर्षे या गिटारी पाहताना आणि त्यांच्याविषयी वाचताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. ज्या रंगछटांसाठी संग्राहक आज घरदार विकण्याइतकी किंमत मोजतात, त्यांतल्या कित्येक छटा कारखान्यातून बाहेर पडताना त्या गिटारींवर नव्हत्याच. त्या पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत उजेडाने, घामाने आणि हातांच्या घासण्याने तयार झाल्या. म्हणूनच सनबर्स्ट गिटार नुसती पाहून पुरत नाही, ती वाचता यावी लागते.

काठ गडद आणि मध्य उजळ ठेवण्याची ही रीत इलेक्ट्रिक गिटारच्या जन्माआधीची आहे. जुन्या व्हायोलिनचे वॉर्निश जिथे हात आणि हनुवटी लागते तिथे विरळ होते, सांधे आणि कडा मात्र काळपट राहतात. ते जुनेपण नव्या वाद्यात आणण्यासाठी कारागीर रंगाची छटा मुद्दाम बदलत नेऊ लागले. अमेरिकेतील गिब्सन कंपनीत लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली 1920च्या दशकाच्या सुरुवातीला जी एफ-5 मेंडोलिन तयार झाली, तिच्या रंगाला इटलीतील क्रेमोना या व्हायोलिनच्या गावाचेच नाव दिलेले होते. त्याच कंपनीने 1936 साली ईएस-150 ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, तेव्हा तीही सनबर्स्टच होती. परंतु संग्राहक नुसता ‘बर्स्ट’ असा शब्द उच्चारतात, तेव्हा त्यांच्या मनात एकच गिटार असते: मिशिगन राज्यातील कलामझू शहरात 1958 ते 1960 या काळात बनलेली गिब्सन लेस पॉल स्टँडर्ड.

लेस पॉल हे नामांकित गिटारवादक होते आणि त्यांच्या नावाची ही गिटार 1952 साली प्रथम आली ती सोनेरी रंगात. काही वर्षांत तिचा खप घसरला. कंपनीचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांच्या काळात, 1958च्या मध्यात, खप सावरावा म्हणून सोनेरी रंग काढून चेरी सनबर्स्ट हा रंग आणण्यात आला. सोनेरी रंगाखाली लाकूड झाकले जात असे, त्यामुळे वरची फळी कशीही जोडली तरी चालत होते. आता रंग पारदर्शक झाल्यामुळे मेपलचे एकच फळकूट मधोमध चिरून, पुस्तकाची दोन पाने उघडावीत तसे ते दोन तुकडे शेजारी शेजारी जोडणे भाग पडले. तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाला पिकअप म्हणतात; सेथ लव्हर या अभियंत्याने तयार केलेले हंबकर पिकअप तिच्यावर होतेच. तारेच्या दोन वेटोळ्यांची रचना उलटसुलट असल्यामुळे विजेची घरघर ते आपापसांत मारून टाकतात आणि सूर भरदार ठेवतात. एवढे सगळे असूनही त्या वेळच्या गिऱ्हाइकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. यादीतली तिची किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास होती, आणि 1961 साली कंपनीने हा घाट बंद करून दोन शिंगांची, पातळ बॉडीची नवी गिटार लेस पॉलच्याच नावाने आणली. तीन वर्षांत बनलेल्या बर्स्टची संख्या साधारण दीड हजाराच्या घरात असावी, असे जाणकार मानतात.

हा रंग चढवण्याची कृती समजून घेतली की पुढच्या गोष्टी उलगडतात. महोगनीच्या पाठीला आणि नेकला, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याला, लाल भरणी करत असत. मेपलच्या वरच्या फळीला आधी पिवळा रंग देत. मग कारागीर स्प्रे गन हातात घेऊन काठाच्या कडेने लाल रंगाचा फवारा मारी. फवारा किती आत न्यायचा आणि कुठे विरवायचा, हे केवळ नजरेवर ठरत असे. त्यासाठी साचा नव्हता, म्हणून एकाच आठवड्यात बनलेल्या दोन गिटारींचे काठ सारखे नसतात. कडेने बसवलेल्या साईच्या रंगाच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर उडालेला रंग पात्याने खरवडून काढत, आणि शेवटी नायट्रोसेल्युलोज लॅकरचे स्वच्छ हात देऊन, घासून, चमक आणत.

त्या लॅकरखाली मेपलचे जे रेषाकाम दिसते, त्याला वादक ‘फ्लेम’ म्हणतात. काही मेपल वृक्षांच्या खोडात तंतू सरळ न वाढता नागमोडी वाढतात. असे लाकूड चिरले की तंतूंची टोके आळीपाळीने आपल्याकडे आणि आपल्यापासून दूर वळलेली राहतात, त्यामुळे एक पट्टा प्रकाश परत फेकतो आणि शेजारचा पट्टा तो गिळतो. गिटार हातात धरून जराशी कलती केली की उजळ पट्टे गडद होतात, गडद पट्टे उजळतात आणि सगळी फळी हलल्यासारखी वाटते. छायाचित्रात हे कधीच पकडता येत नाही. बाजारात ठळक फ्लेम असलेल्या गिटारची किंमत साध्या फळीच्या गिटारपेक्षा खूपच चढी असते. मला स्वतःला साध्या फळीच्या बर्स्टवर अन्याय होतो असे वाटते, कारण लाकडाच्या रेषांत नजर अडकत नाही तेव्हाच रंगाचा उतार निवांतपणे पाहता येतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लाल छटेसाठी 1958 आणि 1959 साली जे ॲनिलीन रंगद्रव्य वापरले गेले, ते अतिनील किरणांपुढे टिकणारे नव्हते. दुकानाच्या दर्शनी काचेत महिनोन्‌महिने टांगलेल्या गिटारचा लाल रंग उडून गेला, आणि जी गिटार विकत घेतल्यावर पेटीत बंद होऊन पलंगाखाली पडून राहिली, ती आजही चेरीसारखी लाल आहे. या दोन टोकांच्या मधल्या छटांना संग्राहकांनी नावे ठेवली आहेत. लाल पूर्ण जाऊन पिवळा उरला तर लेमन ड्रॉप, फिकट तपकिरी झाला तर आइस्ड टी, आणि काठाची छटा जवळजवळ दिसेनाशी झाली तर अनबर्स्ट. रंग उडतो हे कंपनीच्याही लक्षात आले आणि 1960च्या सुमारास तिने टिकाऊ लाल वापरायला सुरुवात केली. त्या गिटारी आजही टोमॅटोच्या सारासारख्या लालभडक आहेत, आणि गंमत अशी की ज्या दोषाचे निवारण कंपनीने केले, तो दोष असलेल्या गिटारींनाच आज जास्त मागणी आहे.

अशा उडालेल्या रंगाच्या गिटारचे पिकगार्ड, म्हणजे ओरखडे पडू नयेत म्हणून बॉडीवर बसवलेली पट्टी, किंवा पिकअपभोवतीची चौकट स्क्रू काढून उचलली, तर जे दिसते ते पाहण्यासारखे असते. घरातल्या भिंतीवरची जुनी तसबीर उतरवली की तिच्यामागे भिंतीच्या मूळ रंगाचा चौकोन निघतो, तसा तिथे 1959चा लाल रंग जसाच्या तसा, ओल्या रंगाइतका ताजा सापडतो. पिकअप निवडण्याच्या खटक्याभोवती जी गोल चकती असते, तिच्याखाली लाल रंगाचे वर्तुळ उरलेले असते. शेजारी फळीवर मंद अंबर रंग आणि त्याला लागूनच, केसाइतक्या बारीक सीमेपलीकडे, हा गडद लाल! ती सीमारेषा म्हणजे त्या गिटारवर पडलेल्या सगळ्या उजेडाची नोंद आहे आणि ती खोटी करणे फार अवघड आहे.

बंद पडलेल्या या गिटारला मान मिळवून दिला तो ब्रिटनमधील तरुण वादकांनी. रोलिंग स्टोन्स या बँडचे कीथ रिचर्ड्स 1964 साली बर्स्ट घेऊन रंगमंचावर दिसले. 1966 साली जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्स या बँडबरोबर एरिक क्लॅप्टन यांनी जे ध्वनिमुद्रण केले, त्यात बर्स्ट आणि मार्शल ॲम्प्लिफायर यांच्या जोडीतून निघालेला जाड, लांबणारा सूर ऐकून कितीतरी वादक ही गिटार शोधू लागले. क्लॅप्टन यांची ती गिटार त्याच वर्षी चोरीला गेली. अमेरिकेत माइक ब्लूमफिल्ड आणि पुढे ड्युएन ऑलमन यांनी तिला हाती धरले. मागणी इतकी वाढली की 1968 साली गिब्सनला लेस पॉल पुन्हा सुरू करावी लागली.

एका गिटारची वाटचाल मात्र थोडी सविस्तर सांगायलाच हवी. फ्लीटवुड मॅक या बँडचे संस्थापक पीटर ग्रीन यांच्याकडे 1959ची एक बर्स्ट होती. तिच्या नेककडील पिकअपमधला चुंबक उलटा होता, त्यामुळे दोन्ही पिकअप एकदम चालू केले की सूर एकमेकांना अंशतः छेदत आणि नाकातून आल्यासारखा, पोकळ, व्याकूळ आवाज निघत असे. बँड सोडल्यावर ग्रीन यांनी ती गिटार आयर्लंडच्या गॅरी मूर या तरुण वादकाला स्वस्तात दिली. मूर यांनी ती तीस वर्षांहून अधिक काळ वाजवली आणि 2006 साली ती विकली गेली. 2014 साली ती मेटॅलिका या बँडचे गिटारवादक कर्क हॅमेट यांच्याकडे आली आणि तेही ती कपाटात न ठेवता मैफलींत वाजवतात. ‘ग्रीनी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गिटारचा पुढचा रंग उडून सोनेरी पिवळा झाला आहे, नेकला दुरुस्त्यांच्या खुणा आहेत, आणि माझ्या मते संग्राहकाने गिटार कशी सांभाळावी याचा याहून चांगला दाखला नाही.

कॅलिफोर्नियात फुलर्टन इथे लिओ फेंडर यांनी 1954 साली आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचाही नेहमीचा रंग सनबर्स्ट होता. सुरुवातीला पिवळा आणि काळपट अशा दोनच छटा होत्या. 1958 साली त्यांच्यामध्ये लाल पट्टा आला. हा लालही सुरुवातीची काही वर्षे उडणाराच निघाला, म्हणून तीन रंगांची गिटार आज दोन रंगांची दिसते आणि खरेदीदार फसतो; पिकगार्ड उचलले की खाली लाल सापडतो. 1965 साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन यांनी इलेक्ट्रिक गिटार वाजवून श्रोत्यांत खळबळ उडवली, ती गिटार सनबर्स्ट स्ट्रॅटोकास्टरच होती, आणि 2013 साली न्यूयॉर्कच्या लिलावात तिला 9,65,000 डॉलर मिळाले. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाहर यांनी 1963 साली आयर्लंडमधील कॉर्क शहरात शंभर पौंडांना हप्त्याने घेतलेल्या 1961च्या स्ट्रॅटोकास्टरवर तर आता सनबर्स्ट शोधावाच लागतो. ती एकदा चोरीला जाऊन पावसात पडलेली सापडली आणि पुढे घामाने, वर्षानुवर्षांच्या वादनाने तिचे लॅकर सोलून उघडे लाकूड वर आले. उरलेल्या रंगाची बेटे तेवढी कडेला दिसतात. 2024च्या लिलावानंतर ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेली.

किंमत इतकी चढली की बनावटही येणारच. 1952 ते 1957च्या सोनेरी लेस पॉलचा रंग काढून तिला बर्स्ट करण्याची कामे पुष्कळ झाली आहेत. तशी गिटार तसे सांगून विकली तर तक्रार नाही, लपवून विकली तर ती फसवणूक आहे. जाणकार अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावून बॉडी पाहतात. जुने नायट्रो लॅकर हिरवट पिवळे चमकते आणि नंतर मारलेला रंग गडद डागासारखा उठून दिसतो. हेडस्टॉकच्या, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असलेल्या टोकाच्या, मागे शाईने उमटवलेल्या क्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा असतो, म्हणजे 1959च्या गिटारला 9. आतल्या व्हॉल्यूमच्या पोटेंशिओमीटरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या भागावर, निर्माता, वर्ष आणि आठवडा यांचा सांकेतिक आकडा कोरलेला असतो. झाळणीचे सांधे पूर्वी कधी हलवलेले आहेत का, हे भिंगातून कळते. नेकची जाडीही बोलते: 1958ची भरीव, 1960ची सडसडीत.

एक धागा थेट आपल्या सह्याद्रीपर्यंत येतो. त्या काळच्या लेस पॉलचा फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची तारा दाबायची पट्टी, ब्राझीलच्या रोझवुडचा असे. 1960च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने त्याचे ओंडके बाहेर पाठवण्यावर निर्बंध आणले आणि 1992 पासून हा वृक्ष आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत आहे, त्यामुळे जुनी बर्स्ट सीमेपलीकडे नेताना परवान्यांची कागदपत्रे लागतात. ब्राझीलच्या लाकडाची जागा मोठ्या प्रमाणात भारतीय शिसवीने घेतली. आपल्या वाडवडिलांच्या कपाटा-पलंगांत जी शिसवी आहे, तिच्याच जातीच्या लाकडावर आज जगातल्या कितीतरी गिटारींच्या तारा दाबल्या जातात.

मूळची बर्स्ट घेणे आपल्यापैकी बहुतेकांना शक्य नाही, आणि त्याची खंत बाळगण्याचे कारणही नाही. जपानच्या टोकाई कंपनीने 1970च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या हुबेहूब प्रतिकृती आता स्वतःच जमवण्याजोग्या झाल्या आहेत, आणि 1990च्या दशकापासून गिब्सन स्वतः 1959च्या धर्तीवर नव्या आवृत्त्या काढत आली आहे. विकत घेताना दिव्याखाली ठेवलेली गिटार पाहून निर्णय घेऊ नये. ती दिवसाच्या उजेडात दारापाशी न्यावी, हळूहळू कलती करावी, आणि मध्यापासून काठापर्यंतचा उतार कुठे तुटतो का ते पाहावे. फवारा घाईने मारलेला असेल तर तिथे कडक रेघ दिसते.

नायट्रो लॅकरची गिटार घरी आणणाऱ्यांनी दोन गोष्टी कटाक्षाने सांभाळाव्यात. रबराचे आवरण असलेल्या स्टँडवर ती ठेवू नये, कारण रबराशी संपर्क आल्यावर हे लॅकर मऊ पडते, चिकटते आणि डाग कायमचा बसतो. थंडगार वातानुकूलित खोलीतून ती एकदम उकाड्यात नेऊ नये, नाहीतर लॅकरला बारीक तडे जातात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तिला पेटीतच ठेवावे, पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या ठेवाव्यात, आठवड्यातून एकदा तरी ती बाहेर काढून वाजवावी आणि ठेवण्यापूर्वी तारा व काठ कोरड्या सुती कापडाने पुसावेत. पश्चिमेच्या खिडकीसमोर तिला टांगायचे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या आवडीच्या लाल रंगाकडे पाहून ठरवावे. नमस्कार.