दोन कोपरांचं वाद्य

(दृश्य : दगडी इमारतीतला छोटा हॉल. अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्या. कमरेला आणि दंडाला पट्टे आवळणारे हात.)

शनिवारची सकाळ. स्कॉटलंडच्या दक्षिणेचा, इंग्लंडच्या सीमेला लागून असलेला बॉर्डर्स प्रदेश. कार्यशाळा सुरू होऊन तास होत आला, तरी एकही धून वाजलेली नाही. कानावर पडतेय ती फक्त भात्यांची फसफस, आणि मधूनच एखादा सूर, जो उमटतो न उमटतो तोच कोलमडतो.

हे स्कॉटिश स्मॉलपाइप्स. बॅगपाइपच, पण आपल्या डोळ्यांपुढे येतो तो नव्हे. आपल्याला ठाऊक आहे तो लष्करी संचलनातला हायलंड पाइप. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पथकातही तोच दिसतो. तो तोंडाने फुंकायचा, उघड्या मैदानावर वाजवायचा. शेजारी उभं राहून कुणी गप्पा मारीन म्हणालं, तर ते जमणं कठीण. स्मॉलपाइप्स मात्र खुर्चीत बसून, चार भिंतींच्या आत वाजवतात. आवाज साधारण फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या बरोबरीचा. आणि तोंडाचा इथे बहुधा संबंधच येत नाही : उजव्या काखेत भाता, डाव्या काखेत पिशवी. तोंडातली वाफ रीडला, म्हणजे थरथरून सूर काढणाऱ्या पातळ पट्टीला, लागत नाही, त्यामुळे रीड कोरडी राहते आणि वर्षानुवर्षं टिकते.

(दृश्य : भिंतीला लावलेली फळी, तिच्यावर इंग्रजी ‘यू’च्या आकारात वळवलेली पारदर्शक नळी. नळीत लाल पाणी.)

या हॉलमधला सगळ्यात कडक मास्तर म्हणजे ही नळी. तिचं एक टोक वाद्याच्या पिशवीला जोडलंय. पिशवीतला दाब वाढला की पाणी वर चढतं, कमी झाला की उतरतं. शिकणाऱ्याने करायचं इतकंच : पाणी हलू द्यायचं नाही.

सांगायला सोपं. भाता दाबला की हवेचा लोट पिशवीत शिरतो. त्या क्षणी डाव्या कोपराने जरा सैल व्हायचं. भाता उघडून नवी हवा घेताना पिशवीत काहीच येत नसतं. तेव्हा डाव्या कोपराने हलकेच भार द्यायचा. दोन्ही कोपरं सतत एकमेकांच्या उलट. पहिल्या प्रयत्नात पाणी उड्या मारतं. सूरही तसाच वरखाली होतो, आणि पंचाईत अशी, की चँटर (धून वाजवायची नळी) आणि ड्रोन (एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या) सारख्या प्रमाणात हलत नाहीत. म्हणजे आत्ता जुळवलेलं वाद्य पुढच्या भात्याला बेसूर.

सगळ्यात जास्त घाम फुटतो तो वर्षानुवर्षं हायलंड पाइप वाजवलेल्यांना. बोटं तयार, शेकडो धुना पाठ. पण त्या वाद्याला हवेचा दाब खूपच जास्त लागतो, आणि ती सवय दंडात मुरलेली. जोर लावला की चँटरची रीड मिटते आणि आवाजच बंद. नवखा माणूस अशा वेळी थांबून विचार तरी करतो; हे आणखी जोर लावतात.

(दृश्य : चँटरवरची बोटं, अगदी जवळून. सरळ, सपाट बोटं. भोकं टोकांनी नव्हे, पेरांनी झाकलेली.)

चँटर म्हणजे स्वरांची नळी. हिच्यावर स्वर नऊच. पाश्चात्त्य ‘ए’ स्वराला षड्ज मानलं, तर वरच्या षड्जापर्यंतचं एकच सप्तक, आणि खाली एक जादा कोमल निषाद. वरचा निषादही कोमलच. बाकी सगळे शुद्ध. म्हणजे हिशेबाने खमाज थाट झाला! अर्थात खमाजचा रंग शोधायला जाऊ नका, धुनांची चाल अगदी वेगळी आहे. चँटरचं खालचं तोंड उघडं, त्यामुळे मध्ये थांबणं नाही. एकच स्वर दोनदा हवा असेल, तर मध्ये दुसऱ्या स्वराचा निसटता कण टाकूनच तो तोडावा लागतो. सीमेपलीकडच्या नॉर्दम्बरलंडच्या स्मॉलपाइप्सचं टोक बंद असतं; सगळी भोकं झाकली की ते गप्प. स्कॉटिश वाद्याला ही मुभा नाही.

पाठीमागे तीन ड्रोन, तिन्ही एकाच खुंट्यात बसवलेले : दोन षड्ज, खालचा आणि मधला, आणि त्यांच्यामध्ये बहुधा पंचम. सनईच्या ताफ्यात दुसरा वादक नुसता सूर धरून बसतो ना, ते काम इथे ड्रोन करतात. आणि सूर तुटू नये म्हणून सनईवाला गाल फुगवून जो दम साठवतो, तो इथे पिशवीत. ड्रोन जुळवायचा म्हणजे त्याची सरकती नळी केसभर बाहेर ओढायची किंवा आत ढकलायची. दोन ड्रोन जवळ आले की आवाजात लाटा उठतात, आधी भराभर, मग संथ, मग नाहीशा. सांध्यावरचा मेणाचा दोरा सैल असेल, तर एवढं करून नळी आपोआप घसरते. दोरा सोडा, पुन्हा गुंडाळा, पुन्हा जुळवा.

(दृश्य : एडिनबरा, राष्ट्रीय संग्रहालय. काचेआड हस्तिदंती स्मॉलपाइप्स.)

यांच्यावर साल कोरलंय १७५७. मंटगोमरीच्या हायलंडर पलटणीशी नातं सांगणारा हा संच. त्याआधीही अशी वाद्यं होती. नॉर्दम्बरलंडच्या विल्यम डिक्सनने १७३३ साली उतरवलेलं पाइपच्या धुनांचं हस्तलिखित आज उपलब्ध आहे. सीमाभागातल्या शहरांकडे नगराचे पगारी पाइपवादक असत. एकोणिसाव्या शतकात ही पदं गेली, वाजवणारे गेले, आणि वाद्यं कपाटांत नाहीतर संग्रहालयांत जाऊन बसली.

पुस्तिकांमध्ये ‘शतकांची परंपरा’ असं छापलेलं असतं. ते मला अर्धंच पटतं. आज या हॉलमध्ये मांडीवर असलेलं वाद्य फार तर चाळीसेक वर्षांचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या ईशान्येकडच्या कॉलिन रॉस या कारागिराने नॉर्दम्बरलंडच्या वाद्याची घडण घेतली आणि तिला हायलंड पाइपसारखी बोटं चालणारा चँटर बसवला. त्याच सुमारास लोलंड अँड बॉर्डर पाइपर्स सोसायटी उभी राहिली. पुढे हॅमिश मूर आणि त्यांचा मुलगा फिन यांच्यासारख्या कारागिरांनी ते वाद्य घरोघरी नेलं. पण साखळी मध्ये तुटली ती तुटलीच. ज्याच्या पायाशी बसून शिकावं असा म्हातारा कुठल्या गावात उरला नव्हता. म्हणून शनिवार-रविवारची ही कार्यशाळा हेच या वाद्याचं घराणं. एरवी एकेकटे वाजवणारे लोक इथे येऊन एकमेकांचे कोपर बघतात.

(दृश्य : रविवार दुपार. पाइपवाल्यांच्या शेजारी दोन फिडलवाले येऊन बसतात.)

आता धून. कागद नाही, शिक्षक एक तुकडा वाजवतो, बाकीचे उचलतात. पथकात वाढलेल्यांना हेही जड जातं, कारण तिथे प्रत्येक कण कागदावरून, सगळ्यांचा एकसारखा. पण फिडलबरोबर सूर जुळतोय, हे त्यांच्यासाठी नवं सुख आहे. हायलंड पाइपचा ‘ए’ चढत चढत आता ४८० हर्ट्झच्या आसपास पोचलाय; इतर वाद्यांनी त्याच्याशी जमवून घ्यायचं म्हणजे संकटच. स्मॉलपाइप्सचा ‘ए’ सरळ ४४०ला जुळतो. जिग आणि रील या नाचाच्या धुना. जिग छान बसते. संथ धून त्याहून छान. भरधाव रील मात्र या आवाजात जराशी गिचमिड होते, असं माझं मत. हॉलमधल्या निम्म्या लोकांना ते मान्य नसेल.

(दृश्य : कोपऱ्यातलं टेबल. काळ्या लाकडाचे चँटर, आखूड आणि लांब.)

चहाच्या सुट्टीत गर्दी इथे. लाकूड आफ्रिकन ब्लॅकवुड, आपल्या शिसवीच्या कुळातलं. प्रश्न ठरलेला : ‘ए’ घ्यावा की ‘डी’? ‘ए’चा चँटर लांब, आवाज खोल, पण भोकं दूरदूर; लहान हाताची बोटं ताणतात. ‘डी’ आखूड, चढा आणि ठसठशीत, पण जाड बोटांची तिथे दाटी होते. ज्यांचं ठरतच नाही, त्यांना कारागीर दोन्ही चँटरचा संच दाखवतो : पिशवी तीच, ड्रोन तेच, फक्त सूर बदलून लावायचे. मग किंमत ऐकून बरेच जण पुन्हा एकदा ‘ए’चा चँटर हातात घेऊन बोटं पुरतात का ते बघतात.