तंबूत ढेकूण येतो तो सामानातून

श्रोतेहो, नमस्कार.

संगीत महोत्सवाची दुसरी सकाळ. रात्रभर गाणी ऐकून पहाटे तंबूत आडवा झालेला कुणीतरी डोळे चोळत बाहेर येतो आणि त्याच्या हातावर लाल पुटकुळ्यांची रांग दिसते. तासाभरात मैदानभर बातमी पसरते की इथे ढेकूण झालेत. ही बातमी बहुतेक वेळा चुकीची असते, आणि ती का चुकीची हे कळलं की ढेकणापासून वाचायचं कसं हेही निम्मं कळतं.

ढेकूण मैदानात होत नाही. गवत, माती, झाडाची साल हे त्याचं घर नव्हे. त्याला रक्त लागतं, आणि रक्त देणारा जिथे रोज रात्री झोपतो तिथून हातभर अंतरावरची अरुंद, कोरडी, अंधारी फट लागते. त्याला पंख नसतात आणि उडीही मारता येत नाही. तो फक्त चालतो, मिनिटाला साधारण एक मीटर. म्हणजे तंबूत ढेकूण निघाला तर तो कुणाच्या तरी अंथरुणातून, पिशवीतून किंवा घडीच्या खाटेतून आलेला असतो. आणि परत जाताना तो तुमच्या सामानातून तुमच्या घरी जाऊ शकतो. महोत्सवातल्या दोन-चार चाव्यांपेक्षा हा दुसरा धोका कितीतरी मोठा आहे.

थोडा हिशेब मांडू. एक ढेकूण पोटभर प्यायला की पुढचे काही दिवस फटीत पडून राहतो. अंडी फुटायला सहा ते दहा दिवस लागतात. पिल्लाला मोठं होण्यासाठी पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक वेळी त्याआधी रक्त प्यावं लागतं. तीन रात्रींच्या मुक्कामात तंबूत ढेकणांची वसाहत उभी राहणं शक्यच नाही. पण गाभण मादी एक जरी पिशवीच्या शिवणीत बसून घरी आली, तरी रोज एक ते पाच अंडी या हिशेबानं पलंगात वस्ती व्हायला काही आठवडे पुरतात. म्हणून खरं काम दोनच वेळी करायचं असतं, निघण्याआधी आणि परतल्यावर.

आधी निघण्याआधीचं. जो तंबू आणि जी स्लीपिंग बॅग फक्त तुम्ही वापरता आणि घरात ढेकूण नाहीत, तिथे काळजीचं कारण फारसं नाही. संशय घ्यायचा तो उसनं आणलेल्या, भाड्यानं घेतलेल्या आणि जुन्या बाजारातून घेतलेल्या सामानावर. आयोजकांनी आधीच उभारून ठेवलेले, आत गाद्या-खाटा असलेले तंबू दिसायला देखणे असतात. मात्र त्याच गादीवर एकामागून एक माणसं झोपून गेलेली असतात, त्यामुळे या बाबतीत ते साध्या तंबूपेक्षा जास्त तपासावे लागतात. वाटेतल्या एका रात्रीच्या लॉजवरही बॅग पलंगावर किंवा जमिनीवर पसरून ठेवू नका. न्हाणीघरातल्या कोरड्या, गुळगुळीत फरशीवर ठेवा, आणि गादीचे कोपरे पाहिल्याशिवाय उघडू नका.

तपासायचं म्हणजे काय पाहायचं? ढेकूण दिसण्याची वाट पाहू नका, त्याच्या खुणा शोधा. पूर्ण वाढलेला ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा, पाच मिलिमीटरच्या आसपास, चपटा आणि तांबूस तपकिरी असतो. नुकतं जन्मलेलं पिल्लू दीड मिलिमीटरचं आणि जवळजवळ पारदर्शक असतं, रक्त प्यायलं की पोटाशी लाल ठिपका दिसतो. अंडं पांढुरकं, मिलिमीटरभर लांब, आणि कापडाला चिकटवलेलं, म्हणजे पिशवी झटकून ते पडत नाही. पण सगळ्यात बोलकी खूण म्हणजे काळे ठिपके. शाईच्या पेनाचं टोक कापडावर टेकवावं तसे ते दिसतात, आणि एका जागी झुबक्यानं असतात. ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ओल्या कापसानं पुसून पाहा. धूळ असेल तर निघून जाईल, ढेकणाचा ठिपका असेल तर तांबूस-काळसर होऊन कापडात फासला जाईल. शेजारी पिवळट, पोकळ कात सापडली की शंकेला जागा उरली नाही.

घडीची खाट असेल तर तिला पाच मिनिटं जास्त द्या. कापड नळीवर जिथे ओवलेलं असतं ती शिवलेली बाही थोडी मागे सरकवा आणि टॉर्च तिरपा धरा. समोरून उजेड मारला की सगळं सपाट दिसतं, तिरप्या उजेडात ढेकणाची सावली पडते. नळीच्या टोकाची प्लास्टिकची टोपी काढून आत पाहा. पाय जिथे एकमेकांना छेदतात त्या रिव्हेटभोवतीची फट जुन्या बँक कार्डाच्या कडेनं खरवडा. पत्त्याच्या पानाएवढी फटसुद्धा त्याला पुरते. तंबूत पाहायच्या जागा म्हणजे आतले छोटे खिसे, चेनवर येणारी कापडी पट्टी, कोपऱ्यांच्या दुहेरी शिवणी, आणि तंबूच्या पिशवीत नाडी जिथून ओवतात ती बोगद्यासारखी दुमड. ही शेवटची जागा हमखास राहून जाते. स्लीपिंग बॅगेत टोपीची दुमड आणि चेनची आतली बाजू पाहा. स्पंजच्या गादीपेक्षा हवा भरायची गादी बरी, कारण तिच्यात लपायला जागा कमी आणि ती पुसून निघते.

बांधाबांध करताना फार काही लागत नाही. जाड प्लास्टिकच्या, तोंड घट्ट बंद होणाऱ्या सात-आठ पिशव्या घ्या. एकात स्वच्छ कपडे, एकात अंथरूण, आणि दोन मोकळ्या ठेवा, मळक्या कपड्यांसाठी. कापडी बॅगेच्या चेनवर विसंबू नका, चेनच्या टोकाशी राहणाऱ्या फटीतून पिल्लू सहज जातं. स्लीपिंग बॅगेच्या आत घालायचं पातळ सुती अस्तर पांढरं घ्या. त्यावर ठिपके लगेच दिसतात, आणि परतल्यावर ते गरम पाण्यात धुता येतं, जे स्लीपिंग बॅगेच्या नशिबी सहसा नसतं.

मळक्या कपड्यांची गोष्ट किरकोळ वाटते, पण ती नाही. ढेकूण माणूस शोधतो ते श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून आणि वासावरून. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, वापरलेले कपडे ठेवलेल्या पिशव्यांवर स्वच्छ कपड्यांच्या पिशव्यांपेक्षा दुपटीच्या आसपास ढेकूण जमलेले आढळले. दिवसभर नाचून घामेजलेला टी-शर्ट उशाशी टाकणं म्हणजे त्याला आवतण देणं. अंगातून काढला की थेट मोकळ्या पिशवीत टाका आणि तोंड बंद करा.

महोत्सवात असताना पाळायचे नियम थोडकेच. 'ढेकणाच्या संगे हिरा भंगला' ही म्हण सामानाला तंतोतंत लागू पडते. सगळ्यांच्या बॅगा, जाकिटं, पांघरुणं एका ढिगात टाकलेली असतात ना, तोच ढीग टाळायचा. स्वतःची बॅग बंद पिशवीत, स्वतःच्या तंबूत, अंथरुणापासून दूर ठेवा. रात्री कुणाला थंडी वाजली तर पांघरूण द्या, पण सकाळी ते परत आलं की अंथरुणात न घालता वेगळ्या पिशवीत टाका. शेजारच्या तंबूला आपला तंबू टेकेल इतका जवळ ठोकू नका.

आता त्या लाल पुटकुळ्या. मैदानात अंग खाजलं तर पहिला संशय डासावर घ्या, मग पिसवांवर, आणि गवतात लोळला असाल तर गोचिडावर. पिसू उडी मारते आणि बहुधा घोट्याच्या आसपास चावते. गोचीड कातडीला चिकटून राहते, तिथेच सापडते. ढेकूण झोपेत उघड्या राहिलेल्या भागावर, हात, मान, चेहरा इथे, काही मिनिटं रक्त पिऊन निघून जातो. तीन चावे एका ओळीत असले की ढेकूणच, असं सर्रास सांगितलं जातं. त्यावर निदान करू नका. काही जणांच्या अंगावर काहीच उठत नाही आणि काहींच्या अंगावर चावा उमटायला चौदा दिवसही लागतात. म्हणजे आज दिसलेला चावा तंबूतलाच आहे हेही सांगता येत नाही. दिलासा एवढाच की ढेकणामुळे माणसाला रोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. खाजवून जखम चिघळणं हाच नेहमीचा त्रास. थंड पाण्याची पट्टी ठेवा, नखं कापलेली असू द्या, आणि सूज फार असेल तर डॉक्टरांना दाखवा.

तंबूत खरंच ढेकूण सापडला तर चिरडू नका. पारदर्शक चिकटपट्टीवर उचला आणि पट्टी दुमडून ठेवा, ओळख पटवायला तोच पुरावा. सामान उचलून मित्राच्या तंबूत झोपायला जाऊ नका, त्यानं एका तंबूचे दोन होतात. आधी सगळं सामान पिशव्यांत बंद करा. तंबू भाड्याचा असेल तर आयोजकांना सांगा आणि मग जागा बदला.

फवाऱ्यांबद्दल स्पष्टच बोलायला हवं. अंगाला लावायचं डासांचं मलम ढेकणावर अर्धवटच चालतं. परमेथ्रिन हे कीटकनाशक लावलेल्या कपड्यांचा डास आणि गोचीड यांच्यावर उपयोग होतो, पण ढेकणांच्या बऱ्याच वंशांना त्याची सवय झालेली आहे. ही खोड जुनीच. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण हवाईमधल्या पर्ल हार्बरच्या बराकींत 1947 सालीच आढळले होते. धूर सोडणारे डबे तंबूत मुळीच वापरू नका. धूर फटीत पोचत नाही आणि तुम्ही मात्र तो हुंगता. रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट यांचं तर नावच नको. नायलॉनचा तंबू पेटला की वितळून अंगाला चिकटतो.

आता परतल्यावरचं, आणि इथे जरा सावकाश जाऊ. सामान झोपायच्या खोलीत नेऊ नका. गच्ची, बाल्कनी किंवा न्हाणीघरात उघडा. अंगावरचे कपडेही तिथेच उतरवा. ढेकणाला मारणारी सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे उष्णता. 48 अंश सेल्सिअसला मोठा ढेकूण साधारण वीस मिनिटांत मरतो. अंडं मात्र त्याच तापमानाला दीड तास तग धरू शकतं. 50 अंशांच्या वर गेलं की अंडीही टिकत नाहीत. म्हणून कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुवा, अर्धा तास तरी. ड्रायर असेल तर कोरडे कपडे न धुताच जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवले तरी चालतात. ओले असतील तर हा अर्धा तास ते वाळल्यानंतर मोजायचा, कारण पाणी सुकेपर्यंत कापड तापतच नाही. ड्रायर गच्च भरू नका, मधले कपडे थंड राहतात. आणि कपडे थंड पाण्यात चोवीस तास भिजवण्यानं ढेकूण आणि पिल्लं मरतात, पण अंडी शाबूत राहतात.

काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवायची युक्ती पुष्कळ जण सांगतात. पिशवीचा वरचा थर चटका देईल इतका तापतो, पण घडीच्या मध्यावर ऊब जेमतेम पोचते आणि ढेकूण मध्याकडेच सरकतो. थर्मामीटर मधोमध खुपसून 50 दिसलं नाही तर ते ऊन वाया गेलं म्हणा.

स्लीपिंग बॅगेचं लेबल वाचा. उष्णता सोसत नसेल तर गोठवणं हा मार्ग. पिशवीत बंद करून उणे 18 अंशांवर किमान चार दिवस. घरच्या फ्रीजरचं तापमान आधी मोजा, कारण बर्फ धरणारा प्रत्येक कप्पा उणे 18 पर्यंत जात नाही. बूट, टोपी, कापडी पट्टे यांनाही हेच चालतं. बॅटरीवर चालणारी उपकरणं मात्र त्यात घालू नका, ती टॉर्चखाली नीट पाहून पुसून घ्या.

तंबू वॉशिंग मशीनमध्ये किंवा ड्रायरमध्ये टाकला तर त्याचा जलरोधक थर सोलून निघतो. तो बाहेर उलटा करून झटका, शिवणी आणि खिसे व्हॅक्यूम क्लीनरच्या अरुंद तोंडानं ओढून घ्या, मग कोमट साबणपाण्यानं मऊ स्पंजानं पुसा. व्हॅक्यूमची धुळीची पिशवी लगेच काढून, बांधून, घराबाहेरच्या कचऱ्यात टाका, नाहीतर ढेकूण यंत्रातून परत चालत येतो. तंबू पूर्ण वाळला की मगच बंद पिशवीत ठेवा. ओला बांधलात तर बुरशी धरेल. उपाशी मारू म्हणून नुसता बांधून ठेवणं फारसं उपयोगाचं नाही. थंड जागी मोठा ढेकूण कित्येक महिने, कधी वर्षभरही, रक्ताशिवाय राहतो.

यानंतर महिनाभर आठवड्यातून एकदा पलंगाच्या डोक्याकडची शिवण तिरप्या टॉर्चनं पाहा. पलंग भिंतीपासून चार बोटं सरकवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका, आणि चारही पायांखाली गुळगुळीत कडेची पसरट भांडी ठेवा. त्यात एक मेख आहे. थंड हवेतला ढेकूण गुळगुळीत कड चढू शकत नाही, पण उष्ण प्रदेशात आढळणारी त्याची दुसरी जात पुष्कळदा चढून जाते. म्हणून भांड्याच्या आतल्या बाजूला टॅल्कम पावडरचा पातळ थर लावा आणि तो दर आठवड्याला नवा करा. भांड्यात एक जरी ढेकूण सापडला तरी गादी उचलून दुसऱ्या खोलीत नेऊ नका. तो चिकटपट्टीवर उचला आणि कीटकनियंत्रण करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

नमस्कार.